पिस्तुलाचा शेवटचा आकडा

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर एकदा एक गृहस्थ खजुराचा डबा ठेवून गेले. वर चिठ्ठी होती, ‘रिपेअर, जर्मनी’. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं खजूर वाटायला दिलाय. तिने झाकण उघडलं आणि किंचाळलीच. आत मऊ कापडात गुंडाळलेलं पिस्तूल होतं. मी धावत गेले, डब्याला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्या गृहस्थांना फोन केला. ते पार्किंगमध्येच होते. परत आले आणि निरागसपणे म्हणाले, “सिस्टर, घड्याळ रिपेअरला दिलं तर तुम्ही एवढी गडबड करता का?”

त्यांचं काही चुकलं नाही असं नाही, पण बाहेरच्या माणसाला खरंच तसं वाटतं. पिस्तूल बिघडलं, डब्यात घाला, पाठवून द्या. मी दोह्यात एका मालवाहतूक कंपनीत सतरा वर्षं कागदपत्रांचं काम केलं. त्यातली अकरा वर्षं माझ्या टेबलावर एक वेगळी फाइल असायची, हत्यारांची. नेमबाजी करणारे, जुन्या हत्यारांचे शौकीन, क्लबवाले, यांची पिस्तुलं युरोपातल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, पाठवायची आणि परत आणायची. नाशिकहून नवऱ्यामागे इथे आलेली, कॉमर्स शिकलेली बाई पिस्तुलांच्या फाइलपर्यंत कशी पोचली याचं सरळ उत्तर असं की ते काम दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

काम समजायला सोपं आहे. पिस्तुलाला माणसासारखा प्रवास करावा लागतो. या देशातून बाहेर पडायची परवानगी, तिकडे आत शिरायची परवानगी, आणि दुरुस्ती झाल्यावर पुन्हा हेच उलट दिशेने. मध्ये तिसऱ्या देशात विमान बदललं तर त्यांचीही परवानगी, म्हणून आम्ही शक्यतो थेट विमान बघायचो. गोळ्या बरोबर पाठवायच्या नाहीत, एकसुद्धा नाही. गोळ्या भरायचं मॅगझिन काढलेलं, नळीतून रंगीत दोरी आरपार ओवलेली, म्हणजे उघडणाऱ्याला बघताक्षणी कळावं की आत काही नाही. बाहेरच्या खोक्यावर काय आहे ते लिहायचं नाही, कागदावर मात्र सगळं लिहायचं. पाठवायचं ते परवाना असलेल्या कारागिराच्या नावाने, आणि परत आल्यावर ताबा फक्त मूळ परवानाधारकाला, तोही स्वतः हजर राहिला तरच.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असतो नंबर. प्रत्येक पिस्तुलावर कोरलेला. परवान्यावरचा, अर्जावरचा आणि लोखंडावरचा नंबर एकच हवा. अर्जात भरलेला नंबर खरा आहे याची जबाबदारी सही करणाऱ्याची, हे अर्जावरच लिहिलेलं असतं. सही माझी असायची. लोखंडावरचा नंबर वाचून सही करायचं काम इब्राहिमभाईंचं.

इब्राहिमभाई आमच्या गोदामाचे सुपरवायझर. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. सव्वीस वर्षं कतारमध्ये. उंच, किडकिडीत, खिशात नेहमी एक भिंग. मॅनेजरशी हिंदी, ड्रायव्हरांशी मोडकं अरबी, आणि माझ्याशी त्यांची घरची बोली. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, “बाय, कागूद काय पन बोलतो. लोखंडाला इचार.” त्यांच्या सव्वीस वर्षांत एकही शिपमेंट त्यांच्या सहीमुळे अडकली नव्हती. हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

आता सांगते ती गोष्ट ज्या पिस्तुलाची आहे, ते होतं अबू खालिद यांचं. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाला त्यांचं घर आणि मागे छोटंसं शेत. निवृत्त सरकारी अधिकारी, तरुणपणी स्पर्धांमधून नेमबाजी केलेले. पिस्तूल तेव्हाचंच, पॉइंट बावीसचं, मुठीचं लाकूड तडकलेलं, ट्रिगरची स्प्रिंग ढिली. त्यांना ते जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडेच पाठवायचं होतं, कारण तीस वर्षांपूर्वी त्यानेच ते त्यांच्या हाताच्या मापाने बसवून दिलं होतं. “मेरा हाथ वो जानता है,” असं म्हणायचे.

त्यांचा परवाना जुना, हाताने लिहिलेला, आकडे अरबी. मला अरबी आकडे येत होते, एक ते दहा तोंडपाठ. मूळ परवाना त्यांनी दाखवला आणि परत नेला, मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. अर्ज भरला. परवानग्या आल्या. पाठवायच्या दिवशी गोदामात खोकं बंद करायच्या आधी इब्राहिमभाईंनी भिंग लावलं. नंबरचा शेवटचा आकडा हाताच्या घामाने गंजून पुसट झाला होता.

“बाय, मूळ परवाना दाव बघू.”

“तो परत दिला हो. मी ताडून बघितलाय.”

“फोटो?”

विमानाचा माल घेणं बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. गाडी बाहेर इंजिन चालू ठेवून उभी. मी म्हणाले, “इब्राहिमभाई, मी बघितलाय म्हणते ना. शेवटी सहा आहे.”

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. “सहाच असंल,” म्हणाले आणि सही केली. दोरी ओवली, सील मारलं, खोकं गेलं.

दोन महिन्यांनी पिस्तूल परत आलं तो गुरुवार होता. अकराच्या सुमारास विमानतळावरच्या आमच्या माणसाचा फोन आला. “मॅडम, कस्टमने खोकं उघडलं. नंबर जुळत नाही. शेवटी चार आहे.”

मला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, पिस्तूल चकचकीत करून आलंय, नंबर आरशासारखा स्वच्छ आहे, आणि शेवटचा आकडा चार आहे. कागदावर सगळीकडे सहा.

याचा अर्थ समजून घ्या. कागदाच्या हिशेबाने जे पिस्तूल देशाबाहेर गेलं ते परत आलंच नव्हतं. आणि जे आलं होतं, ते कुणाचं, कुठलं, त्याला परवाना कसला, काहीच माहीत नव्हतं. बिनपरवान्याचं हत्यार देशात आणलं, आणि आणणाऱ्यांमध्ये आमच्या कंपनीचं नाव, अबू खालिदांचं नाव, आणि खाली दोन सह्या.

दुपारी मॅनेजर सरांनी मला आणि इब्राहिमभाईंना केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. त्यांचं म्हणणं असं की जर्मनीत पिस्तुलं बदलली गेली असतील किंवा इथून जाताना गोदामात नंबर चुकीचा वाचला असेल. पहिलं असेल तर प्रकरण फार मोठं. दुसरं असेल तर माणसाची चूक, लेखी माफीने मिटेल. “इब्राहिम, तू येत्या मंगळवारी कायमचा घरी चाललायस. तू लिहून दे की तुझ्या वाचण्यात चूक झाली. तुझं कुणी काही बिघडवणार नाही.”

ते खरं होतं. इब्राहिमभाईंचा राजीनामा मंजूर झाला होता, मंगळवारचं तिकीट होतं, ईदच्या चार दिवस आधीचं.  त्यांनी नुसती मान हलवली. त्या हलवण्यात हो होतं की नाही, हे मला कळलं नाही.

शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी. दोन दिवस कुठलंच ऑफिस उघडणार नव्हतं, कुणाला फोन करून उपयोग नव्हता. मी घरात एका जागी बसू शकेना. कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट टाकलं. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला. शेवटी नवरा म्हणाला, चल, समैस्माला जाऊ, समुद्रावर थोडं मोकळं वाटेल. तिथे वाळूत चटई घातली, पण मी पाण्याच्या कडेने नुसती फेऱ्या मारत होते. हातात मोबाइल, त्यावर परवान्याचा फोटो. मोठा करायचा, बघायचा, बंद करायचा. शेवटी सहा. स्पष्ट सहा. मग जर्मनीत अदलाबदल झाली असणार.

आमची मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती माझ्याबरोबर चालायला आली आणि खांद्यावरून डोकावली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

“काय बघतेस एवढं?” असं विचारायचं होतं तिला, म्हणाली, “व्हॉट इज इट?”

“नंबर आहे गं एका परवान्यावरचा. हा शेवटचा सहा बघ.”

तिने बघितलं. शाळेत तिला पहिलीपासून अरबी होतं. “आई, दॅट्स अ फोर.”

“सहा आहे तो.”

“नो आई. सिक्स इज लाइक अ सेव्हन. धिस इज फोर.” आणि अरबी सहा वाळूत बोटाने काढून दाखवला, इंग्रजी सातासारखा.

अरबी चार हा थेट आपल्या मराठी सहासारखा दिसतो. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं त्या देशात काढलेल्या माणसाला हे माहीत असतंच. पण घाईत, फोटोवर, हाताने लिहिलेला आकडा बघताना माझे डोळे नाशिकच्या शाळेत परत गेले आणि त्यांनी सहा वाचला. मग मी तो अर्जात भरला. अर्जावरून परवानगी निघाली. इब्राहिमभाईंनी माझ्या शब्दावर सही केली. जर्मनीतल्या कारागिराने परतीच्या कागदांवर आमच्याच कागदावरून नंबर उतरवला. एवढे हात लागले, आणि चूक जिथे झाली होती तिथे पुन्हा कुणी बघितलंच नाही, कारण मी म्हणाले होते, मी बघितलंय.

परतताना गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी आरशातून मागे बसलेल्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाला, “इब्राहिमभाई तसेही चाललेत. तुझं नाव आलं तर इथलं आपलं काय होईल? पोरीची अकरावी आहे.” थोड्या वेळाने म्हणाला, “मी सांगत नाहीये तुला, काय कर ते. फक्त विचार कर म्हणतो.”

शनिवारी सकाळी मी, संध्याकाळी रोजा सोडताना खायला म्हणून, डब्यात लाडू घेऊन इब्राहिमभाईंच्या खोलीवर गेले. सांगायलाच गेले होते. ते खाली बसून पुठ्ठ्याच्या खोक्याला दोरी बांधत होते. बायकोसाठी मिक्सर, नातवासाठी सायकल, सुटी करून भरलेली. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली.

“बाय, मी इचार केला रातभर,” ते म्हणाले. “मला आकडा दिसला नव्हता. दिसला नाय, तर दिसला नाय असा लिवायला हवा होता. मी सहा म्हटला. मग चूक माझी पन हाय ना?”

मला बोलायला एवढी मोकळी जागा दिली होती त्यांनी. मी त्यांच्यासमोर बसले होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तोंडाशी आलेलं वाक्य होतं. आणि मी म्हणाले, “बघू उद्या काय होतं ते.” डबा ठेवला आणि उठून आले.  गाडीत बसले तरी चावी लावायचं सुचेना. घरी गेले नाही. अल अझीझिया भागातल्या रस्त्यांवरून कितीतरी वेळ उगाच गाडी फिरवत राहिले, तीच तीच वळणं घेत.

रविवारी सकाळी परवाना खात्यात आम्ही चौघं गेलो. मॅनेजर सर, अबू खालिद, इब्राहिमभाई आणि मी. माझ्या फोल्डरमध्ये कंपनीचं पत्र होतं. खाली इब्राहिमभाईंची सही होती, तारखेसकट. ‘नंबर वाचताना माझ्याकडून चूक झाली.’ त्यांनी ती सकाळी ऑफिसात येऊन केली होती, मी पोचायच्या आधीच.

समोर पोलिसांचा तरुण कॅप्टन होता, शांत, नम्र. त्याने हात पुढे केला. मी पत्र काढलं, पण दिलं नाही.

“सर, या पत्रातलं खरं नाही,” मी म्हणाले. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो फारच मोठा निघाला. “चूक यांच्या वाचण्यात नाही. मी परवान्यावरचा आकडा चुकीचा वाचला. चारला सहा. यांनी परवान्याचा फोटो मागितला होता, मी दाखवला नाही.”

मॅनेजर सर माझ्याकडे बघतच राहिले. अबू खालिदांनी खिशातून आपला परवाना काढला, टेबलावर ठेवला, शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “अर्बआ.” चार. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, “तुमको ये छे दिखा?” त्यांना राग येण्याऐवजी नवल वाटलं होतं. मी कागदावर मराठी सहा काढून दाखवला. कॅप्टन वाकून बघू लागला. त्याला क्षणभर हसू आलं, ते त्याने दाबलं.

पण कबुली दिली म्हणून प्रकरण मिटत नाही. बाहेर गेलेलं आणि आत आलेलं पिस्तूल एकच आहे, हे सिद्ध व्हायला हवं होतं. ते होईपर्यंत दोन्ही सह्या करणाऱ्यांनी देश सोडायचा नाही, असं कॅप्टनने सांगितलं. आवाज न चढवता, नियम सांगावा तसं. इब्राहिमभाईंचं मंगळवारचं तिकीट तिथेच गेलं.

त्याच दुपारी मी जर्मनीला फोन केला. कारागिराची मुलगी इंग्रजी बोलायची. म्हणाली, बाबा प्रत्येक हत्याराचे आल्या दिवशी फोटो काढतात, सगळ्या बाजूंनी, दिवा तिरका धरून. शोधून पाठवते. फोटो चार दिवसांनी आले, कारण म्हातारा ते कॉम्प्युटरवर ठेवत नसे, वहीत चिकटवून ठेवत असे. तिरक्या उजेडात गंजाखालचा चार दिसत होता. मुठीच्या लाकडाचा तडा, नळीजवळचा जुना ओरखडा, सगळं जुळत होतं. कारागिराने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून सही केली. पण तोपर्यंत इथे ईदच्या सुट्ट्या लागल्या होत्या.

ईदच्या दिवशी मी इब्राहिमभाईंना जेवायला बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले. पांढरा स्वच्छ कुर्ता, अत्तर. माझ्या मुलीला ईदी दिली. जेवताना नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलले. घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा उठून बाल्कनीत गेले. आतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि फोनमधून पोराटोरांचा गलका ऐकू येत होता. ते सगळ्यांना एकेका नावाने हाक मारत होते. परत आले, शीरखुर्म्याची वाटी पुढे केली, म्हणाले, “साखर बेताची हाय. बरा झाला.” पूर्ण दुपारभर त्यांनी पिस्तुलाचं नाव काढलं नाही. मी सारखी उठत होते, पाणी आणत होते, नको असलेल्या वाट्या आणत होते.

सुट्ट्या संपल्यावर आठवड्याने निकाल लागला. पिस्तूल एकच, हेतू वाईट नाही, कंपनीला लेखी ताकीद. अबू खालिदांना त्यांचं पिस्तूल मिळालं. ताबा घेताना त्यांनी मूठ हातात धरून बघितली, डोळे मिटले, आणि खूष होऊन म्हणाले, “शुक्रन. वो भूला नहीं.” म्हणजे तो म्हातारा त्यांचा हात विसरला नव्हता.

माझा सहीचा अधिकार काढला गेला. वर्षभराने परत मिळाला. तेव्हापासून मी एक नियम केला, तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. नंबर वाचणाऱ्याच्या हातात कागद द्यायचा नाही. त्याने आधी लोखंड वाचायचं, मोठ्याने, आणि मग मी कागद उघडणार. ग्राहक कंटाळायचे, ड्रायव्हर ‘यल्ला मॅडम’, म्हणजे चला आटपा, करत हॉर्न वाजवायचे. दोनदा विमान चुकलं. निवृत्त होईपर्यंत मी तो सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यावरही माझी ती सवय गेलेली नाही. औषधाची बाटली, गॅसचा नंबर, बँकेचा फॉर्म, काहीही असो, मी तिसऱ्यांदा वाचते आणि तरीही चौथ्यांदा बघते.

पण इब्राहिमभाई गेले तो दिवस सांगायचा राहिला. त्यांना विमानतळावर सोडायला मी गेले होते. कंपनीची गाडी मिळत होती, पण मीच म्हटलं मी सोडते. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. नवे पूल, नवे रस्ते, ते आले तेव्हा यातलं काही नव्हतं म्हणाले. खोकी ट्रॉलीवर चढवली, सायकलचं खोकं सगळ्यात वर. मी कसाबसा धीर केला.

“इब्राहिमभाई, माझ्यामुळे तुमची ईद गेली.”

“ईद परत येतां गो. दर वर्षी येतां.” त्यांनी ट्रॉली सरळ केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “शनवारी तू माज्या खोलीवर आलीस. तवा तुला ठाव होता?”

खोटं बोलता आलं असतं. समोर गर्दी होती, घोषणा चालू होत्या, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

“हो,” मी म्हणाले. “शुक्रवारीच कळलं होतं.”

त्यांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. “साहेबासमोर बोललीस, ता चांगला केलास. मोठा काम केलास,” ते म्हणाले. “पन बाय, शनवारी बोलली असतीस, तर मी त्या कागदावर सही केली नसती. सव्वीस वर्षांत खोटी सही मी तेवढी एकच केली.”

एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, धाकट्या बहिणीच्या ठेवावा तसा, आणि ट्रॉली ढकलत आत गेले. काचेपलीकडे रांगेत उभे राहिले. पासपोर्ट तपासणाऱ्याने काहीतरी विचारलं, त्यांनी हसून उत्तर दिलं. मी हात वर करून उभी होते. ते वळून बघतील असं वाटत होतं. रांग पुढे सरकली, सायकलचं खोकं दिसेनासं झालं, आणि तरी मी हात खाली घेतला नव्हता.